लायगो बघायला गेलो आणि डोमकावळ्यांची गोष्ट ऐकून आलो

सिएटलहून रिचलंडला गाडीने साडेतीन तास, घाट ओलांडला की हिरवं सगळं संपतं आणि पुढे नुसतं वाळकं माळरान. यकिमाची सफरचंदं, हॉटेल, वाइनरी सगळं ठीकठाक, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. बाबा परभणीहून आलेले, त्यांना बर्फाचे डोंगरबिंगर नकोच होते. "आपल्या औंढ्याला होणार ते यंत्र दाखव" हा एकच हट्ट. ते यंत्र म्हणजे लायगो, अवकाशातल्या टकरींमुळे उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारं.

खरं सांगायचं तर रिचलंडजवळच्या हॅन्फर्डला, जिथं लायगो आहे, डोळ्यांना दिसतं फार थोडं. नागासाकीच्या बॉम्बचं प्लुटोनियम बनवलं तोच हा भाग. त्या उजाड जागेत काटकोनात दोन भुजा, प्रत्येक 4 किलोमीटर, वर काँक्रीटचं झाकण. फुकट टूरला आलेले अर्धे लोक दहा मिनिटांत मोबाईलमध्ये घुसले, मला रागच आला. आत लेसरचा किरण दुभंगून दोन्हीकडे जातो, 40 किलोच्या, काचेच्या तंतूंवर टांगलेल्या आरशांमध्ये शेकडो फेऱ्या मारून परत येतो. दोन्ही भुजा सारख्या असल्या की परतलेला उजेड एकमेकाला खोडतो आणि अंधार पडतो. गुरुत्वीय लहर गेली की अवकाशच ताणलं-आवळलं जातं, एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते, आणि उजेड गळतो. किंचित म्हणजे प्रोटॉनच्याही काहीशे पट लहान! 14 सप्टेंबर 2015 ला असाच गळला, 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्या लहरीमुळे. लुइझियानाच्या जुळ्या यंत्राला ती लहर सुमारे 7 मिलिसेकंद आधी मिळाली होती, म्हणून तर खात्री पटली. एकाच ठिकाणी दिसलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

का ठेवला नसता, ते कावळ्यांवरून कळतं. 2017 च्या उन्हाळ्यात इथल्या नोंदींत भलतेच खटके यायला लागले. शोधता शोधता निघालं काय, तर द्रव नायट्रोजनच्या पाइपवर बर्फ साचायचा आणि तहानलेले डोमकावळे तो चोचीने फोडायचे! पाइपचं ते हादरणं लेसर जातो त्या मुख्य नळीपर्यंत पोचून डेटात उमटायचं. मग शास्त्रज्ञांनी म्हणे स्वतःच पाइप ठोकून बघितला, खटके तसेच आले, आणि शेवटी पाइपवर बर्फ धरू नये अशी सोय केली. अब्जावधी वर्षांपूर्वीची टक्कर ऐकायला बसलेल्या लोकांना कावळ्याच्या तहानेचा हिशोब ठेवावा लागतो, हे मला आरसे नि लेसरपेक्षा जास्त आवडलं.

बाबा मात्र गंभीर झाले. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाला केंद्राने 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केलेत, हे त्यांना पेपरात वाचून पाठ. गाडीत बसल्यावर म्हणाले, "इथं कावळे तरी बरे. आपल्याकडं वानरं हायत, त्याचं काय करणार ते विचारायचं राहिलं."