कायदा मागत नाही, तरी मी परीक्षा दिली

इंग्लंडमधल्या चिल्टर्न टेकड्यांवरच्या एका रानात आम्ही काही जण हिवाळ्यातल्या रविवारी श्रमदानाला जातो. हेझेलची झुडपं अगदी बुंध्याशी तोडायची, म्हणजे वसंतात त्याच बुडख्यातून दहा-बारा सरळ धुमारे वर येतात. निदान यायला हवेत. तिसऱ्या वर्षी एका बुडख्यापाशी गुडघे टेकून बघितलं, तर एकही धुमारा वीतभराहून उंच नव्हता आणि प्रत्येकाचं टोक फाटलेलं होतं. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते कोंब कापत नाही, ओढून तोडतं, त्यामुळे कडेला तूस राहतं. सशाने खाल्लं असतं तर सुरीने तिरका काप दिल्यासारखं दिसलं असतं. अख्ख्या पट्ट्यात एकही नवं झाड डोकं वर काढत नव्हतं.

ब्रिटनमधले लांडगे आणि लिंक्स (मोठी रानमांजरं) केव्हाच संपले. हरणांची संख्या आता 20 लाखांच्या आसपास असावी असा अंदाज नेहमी सांगितला जातो. त्यांना आवरायला माणसाशिवाय दुसरं कोणी नाही. त्या दिवशी मी ठरवलं की हरणांच्या शिकारीचं हे काम आपण शिकायचं.

मी सावंतवाडीकडचा. आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, हे मला लहानपणापासून माहीत. पण तिला हात लावायची आम्हा मुलांना परवानगी नव्हती, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा आमच्याकडे गुन्हाच. त्यामुळे चाळिशी ओलांडून मी इथे आलो तो शून्यातून सुरुवात करणारा. मामाची जमीन नाही, काकांची बंदूक नाही, बोट धरून रानात नेणारं कोणी नाही. इथल्या शेतकऱ्यांची मुलं बाराव्या-तेराव्या वर्षी वडिलांच्या मागे चालून जे शिकतात, ते मला कुठून मिळणार?

म्हणून पहिला प्रश्न हाच होता, की नवख्या माणसाला हरणाच्या मागावर जाण्याआधी एखादी परीक्षा पास व्हावी लागते का? रीडिंग शहरातले मराठी मित्रही मला आता हेच विचारतात. सरळ उत्तर असं, की इंग्लंडमध्ये कायद्याने लागत नाही. जर्मनीत लागते. तिथली शिकाऱ्यांची परीक्षा इतकी अवघड समजतात की तिला ‘हिरवी बारावी’ म्हणावं असं टोपणनाव पडलंय. इंग्लंडमध्ये 1991 चा हरीण कायदा कोणतं हरीण कोणत्या महिन्यात मारता येईल, कोणत्या बंदुकीने आणि दिवसाच्या कोणत्या वेळात, हे सगळं सांगतो. सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास बंदी. बंदुकीच्या नळीचा व्यास किमान .240 इंच आणि गोळीची ताकद किमान 1,700 फूट-पाउंड. मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डियर या दोन लहान जातींना यात थोडी सूट आहे. नवख्यांमध्ये .243 चं काडतूस एवढं चालतं त्याचं एक कारण हा .240 चा आकडा. पण हे सगळं वाचून, समजून आलेला आहेस का, असं हा कायदा कोणालाच विचारत नाही.

इतकंच काय, बंदुकीचा स्वतःचा परवाना नसतानाही तुम्ही जाऊ शकता. खासगी जमिनीवर परवानाधारक माणूस तुमच्या सोबत हजर असेल, त्याला तिथे शिकारीचा हक्क असेल आणि तुमचं वय 17 किंवा त्याहून जास्त असेल, तर तो आपली रायफल तुम्हाला वापरायला देऊ शकतो. पैसे भरून एखाद्या व्यावसायिक स्टॉकरबरोबर (म्हणजे हरणाचा माग काढून शिकार करणाऱ्याबरोबर) सकाळी जायचं आणि त्याच्याच बंदुकीने हरीण मारून यायचं, हे इथे रोज चालतं.

मीही एकदा तसाच गेलो. कुठे ते सांगत नाही. त्या माणसाने मला गाडीपाशी पाच मिनिटं बंदूक दाखवली, पत्र्यावर एक गोळी झाडून घेतली आणि तासाभरात 80 मीटरवर उभ्या रो हरणासमोर तिकाटण्यावर बंदूक ठेवून ‘मार’ म्हणाला. माझं काळीज कानात वाजत होतं. गोळी कुठे लागायला हवी हे ढोबळ माहीत होतं, पण ती आरपार गेली तर पुढे कुठे जाईल, लागल्यावर जनावर पळालं तर काय करायचं, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी बंदूक खाली घेतली आणि म्हटलं, आज नको. तो चिडला. पैसे परत मिळाले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. कायद्याच्या दृष्टीने त्या सकाळी सगळं बरोबर होतं, आणि तरीही माझ्या हातून एक जीव तडफडत मेला असता. परत येताना गाडीतच ठरवलं की परीक्षा द्यायची.

परीक्षेचं नाव डियर स्टॉकिंग सर्टिफिकेट, पहिली पातळी. सगळे तिला डीएससी-वन म्हणतात. नियमपुस्तक जाडजूड आहे, पण लेखी परीक्षा बहुपर्यायी असते. रोज रात्री तासभर महिनाभर वाचलं तर अडचण येत नाही, तेव्हा तिच्यावर जास्त लिहीत नाही.

चित्रं ओळखायच्या परीक्षेने मात्र मला पुष्कळ शिकवलं. ब्रिटनमध्ये सहा जातींची हरणं आहेत. रेड आणि रो इथली मूळची, फॅलो नॉर्मन लोकांनी आणलेली, आणि सिका, मुंटजॅक, चायनीज वॉटर डियर ही अलीकडे बाहेरून आलेली. ठिपकेवालं फॅलो पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मन ‘चितळ’ म्हणून मोकळं झालं. पण फॅलो नराची शिंगं तळहातासारखी पसरट, चितळाची तशी नसतात. शिंगं गळून पडलेल्या महिन्यांत तर ती खूणही हाताशी नसते. मग बुडाकडे बघायचं. रोच्या मागे पांढरा ठिपका आणि शेपूट जवळजवळ नाहीच, फॅलोची शेपूट लांब, काळी आणि सतत हलणारी. मुंटजॅक मला पहिल्याच दिवशी ओळखू आलं, कारण ते आपल्या भेकराचं चिनी भावंड. पाठ तशीच कुबड काढल्यासारखी, आणि संध्याकाळी रानातून कुत्र्यासारखा तोच भुंकण्याचा आवाज. आंबोलीच्या घाटात ऐकलेला आवाज बकिंगहॅमशायरमध्ये ऐकला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो.

ओळख चुकली तर काय होतं? नोव्हेंबरात रोची मादी मारायला परवानगी, पण रोच्या नराची मुदत 31 ऑक्टोबरला संपलेली. रोची शिंगं त्याच सुमारास गळतात. म्हणजे नवख्याला दोघं सारखीच दिसतात नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा एक मारणं कायदेशीर आणि दुसरं मारणं गुन्हा असतो.

सगळ्यांत कस लागला तो सुरक्षेच्या चाचणीत. परीक्षकांबरोबर आखलेल्या वाटेने चालायचं. कुंपण आलं की बोल्ट उघडायचा, काडतुसं काढायची, खोबणीत बोट घालून ती रिकामी असल्याची खात्री करायची आणि मगच ओलांडायचं. वाटेत जागोजागी हरणाचे पुठ्ठ्याचे आकार उभे केलेले. प्रत्येकापाशी थांबून सांगायचं, गोळी झाडणार की नाही, आणि का. एक हरीण उंचवट्याच्या माथ्यावर होतं, मागे नुसतं आभाळ. गोळी चुकली किंवा आरपार गेली तर ती मैलभर लांब कुठेही जाईल, म्हणून नाही. पुढचं अगदी आडवं, मोकळ्यावर, मागे मातीचा चांगला बांध. ‘हो’ माझ्या ओठांवर आलं होतं. सवयीने पुन्हा दुर्बीण लावली, तर त्याच्या पोटाखाली दोन जास्तीचे पाय दिसले. मागे दुसरं हरीण उभं होतं. मी ‘नाही’ म्हटलं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे चालू लागले. माझ्या पाठीवरून मात्र घामाचा थेंब खाली ओघळला. ते पत्र्यावर गोळी झाडून घेणारे गृहस्थ मला हे पाय कधी दाखवणार होते?

नेमबाजीत आधी झोपून 100 मीटरवरून तीन गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात बसवायच्या, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान जागेत. मग हरणाच्या आकारावर 100 मीटरवरून झोपून दोन, 70 वरून बसून दोन आणि 40 वरून उभ्याने दोन. माझी घसरली ती सगळ्यांत जवळची, उभ्याने मारलेली शेवटची गोळी. फुप्फुसांच्या जागेभोवतीच्या रेघेच्या बोटभर बाहेर, पोटाकडे. खऱ्या जनावराच्या बाबतीत त्या बोटभर अंतराचा अर्थ पुस्तकात वाचलेला होता. त्याच दिवशी पुन्हा संधी मिळाली. या खेपेला श्वास सोडून, अर्ध्यावर थांबून चाप हळूच दाबला आणि सहाही आत बसल्या.

प्रमाणपत्र हातात आल्यावर दारं उघडली. बंदुकीचा परवाना पोलीस देतात. त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि शिकारीसाठी पुरेसं कारण म्हणजे जमीन. जमीनवाले विचारतात, विमा आहे का, डीएससी-वन आहे का? आधी दोन हिवाळे मी शेतकऱ्यांच्या दारात उभा राहून नकार ऐकले होते. आता एका वयस्क स्टॉकरनी माझी परीक्षा झाली आहे हे ऐकून आपल्याबरोबर यायला सांगितलं आणि त्यांच्याच शब्दावर मालकाने मला पत्र दिलं. पुढे दोन ओळखीच्यांच्या साक्षी, डॉक्टरांकडून तब्येतीची माहिती, भिंतीत बोल्टने ठोकलेलं पोलादी कपाट (भाड्याच्या घरात असाल तर आधी घरमालकाची परवानगी घ्या) आणि पोलिसांच्या अधिकाऱ्याची घरी भेट. चावी कुठे ठेवणार, हे त्यांनी बायको स्वयंपाकघरात असताना हळू आवाजात विचारलं, कारण ती तिलाही माहीत असता कामा नये. काही महिन्यांनी परवाना आला, पाच वर्षांचा.

तरीही एक गोष्ट मित्रांना स्पष्ट सांगतो. या परीक्षेने मला माग काढता येऊ लागला नाही. वारा कुठून येतोय, ओल्या पानांवर पाय आधी कोणत्या बाजूने टेकवायचा, हरणाने मान वर केली की किती वेळ पुतळा होऊन राहायचं, हे मी त्या वयस्क स्टॉकरांच्या मागे अकरा पहाटा नुसता चालून शिकलो. त्या अकरांत एकदाही गोळी झाडली नाही. माझं मत विचाराल तर क्रम असा ठेवा: आधी कोणाच्या तरी मागे रिकाम्या हाताने चाला, मग परीक्षा द्या, आणि बंदूक विकत घ्यायचं सगळ्यांत शेवटी.

बाराव्या पहाटे, जानेवारीत, गवतावर दहिवर गोठलेलं असताना रोची मादी 60 मीटरवर आडवी उभी राहिली. मागे उतार. तिच्या पायांच्या मागे आणखी पाय नाहीत ना, ते मी दोनदा बघितलं. पुढच्या पायाच्या मागे नेम धरला. गोळी लागल्यावर ती दहा पावलं धावली आणि पडली. आम्ही काही मिनिटं थांबलो, मग मागून जाऊन तिच्या डोळ्याला काठीचं टोक लावून बघितलं. पापणी हलली नाही.

कोथळा काढायच्या कामाला इथे ग्रॅलॉक म्हणतात, शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला. हात गोठलेले होते आणि तिचं आतडं गरम, वाफ येत होती. स्टॉकर बाजूला उभे राहून विचारत गेले आणि मी सांगत गेलो. जबड्याखालच्या गाठी लहान, दोन्ही बाजूंनी सारख्या. आतड्यालगतच्या गाठी स्वच्छ, पू नाही. यकृताच्या कडा धारदार. फुप्फुसांवर क्षयाची गाठ नाही. गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेलेली. ‘मग मांस खायला योग्य आहे का?’ त्यांनी विचारलं. ‘आहे,’ मी म्हटलं, आणि त्यांनी मला तिचे पाय बांधायला दोर दिला.

रात्री आईला फोन केला. हे शिकायला लागल्यापासून ती एकच वाक्य म्हणत आली होती, “अरे, मुक्या जनावराला कशाला मारतोस?” मी तिला फाटलेले कोंब, अकरा पहाटा, ते दोन जास्तीचे पाय, सगळं सांगितलं.

“तडफडली का रे?”

“नाही आई. दहा पावलं गेली, तेवढंच.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चरबी नसणार तिला. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लाव, आणि आच मंद ठेव.”