अकरा वाजून दहा मिनिटं

चहात साखर घातली की नाही, हे चमचा हातात असतानाच विसरायला होत होतं. ‘वय झालं’ म्हणत वर्षभर रेटलं. खरं तर भीती होती. माझी आई शेवटी मला तिचा भाऊ समजायची.

शेवटी हिनेच मेमरी क्लिनिकची वेळ घेतली. डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, “तक्रार कोणाची, तुमची की घरच्यांची?” माझी, म्हटलं. मग मला बाहेर बसवून हिची चौकशी: गॅस चालू राहतो का, पैशांत घोळ होतो का, नेहमीची वाट चुकतात का. फार अपमान वाटला. पण डिमेन्शिया म्हणायचं की नाही, हे रोजचे व्यवहार जमतात का यावर ठरतं, आणि ते घरच्यांनाच जास्त दिसतं.

चाचणी ३० गुणांची. शंभरातून सात-सात वजा करा. ९३, ८६, ७९, ७२, ६५. जन्म बँकेच्या कॅश काउंटरवर गेलेला, खाडखाड म्हणून टाकलं. मग घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं. गोल झकास आला. एक काटा अकरावर, दुसरा थेट दहाच्या आकड्यावर. काहीतरी चुकलंय हे कळत होतं, काय ते कळेना. पाच शब्दांतले तीन आठवले. एक तर नीट ऐकूच आला नव्हता, पण ‘काय?’ म्हणायची लाज वाटली.

गुण २३. साधारण २६ पासून पुढे ठीक मानतात.

रक्तात थायरॉइड बरा, बी-१२ मात्र तळाला. मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू, त्याने बी-१२ कमी होऊ शकतं. त्यात घर शाकाहारी. झोपेसाठी रोज घ्यायचो ती अ‍ॅलर्जीची गोळीही डोकं जड करणारी निघाली, ती बंद. एमआरआयमध्ये वयाला धरूनच बदल. कान दोन्ही कमी. इंजेक्शनं निमूट घेतली. श्रवणयंत्र महिनाभर कपाटात होतं, हेही कबूल करतो. लावल्यावर कळलं, हिचं निम्मं बोलणं मी विसरत नव्हतो, ते कानावर पडतच नव्हतं.

सहा महिन्यांनी वेगळे शब्द देऊन पुन्हा चाचणी. २५. “याला एमसीआय म्हणू, म्हणजे स्मरण-आकलनातली सौम्य घट,” बाई म्हणाल्या. “विस्मरण आहे, व्यवहार शाबूत आहेत. काहीजण पुढे डिमेन्शियाकडे जातात, काही इथेच थांबतात, काही माघारीही येतात.”

“मी कुठल्यात?”

“दरवर्षी या. बघत राहू.”

घड्याळ मात्र बरोबर आलं होतं, मिनिटकाटा दोनवर. रिक्षात बसल्या बसल्या हिला सांगितलं.

“अहो, जिन्यात सांगितलंत की,” ही म्हणाली.