तुम्ही विचारलंत म्हणून : आपल्या पोरीला दिल्लीच्या कॉलेजात घेतील का?

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न मला शाळेच्या फाटकाशी, आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठतो. "मॅडम, आपल्या पोट्टीले त्या दिल्लीच्या कॉलेजात घेतीन का जी?" विचारणारा बहुतेक वेळा बाप असतो. आई विचारते तेव्हा प्रश्न दुसराच असतो : "घेतलं तं ते तिथं राहीन कुठं?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातल्या काही पोरी दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकून बाहेर पडल्या, काही आज तिथं शिकताहेत. म्हणून लोक मला विचारतात.

घेतील, हे माझं उत्तर. पण निकालाच्या दिवशी विचारलंत तर त्या सालापुरता उशीर झालेला असतो. प्रवेश परीक्षेचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आगेमागेच भरून संपतो. पोरगी प्रॅक्टिकल, जर्नल आणि सराव परीक्षांत बुडालेली असते त्याच दिवसांत. हा प्रश्न विचारायची खरी वेळ म्हणजे दहावीचा निकाल लागून अकरावीचे विषय ठरवायचे असतात तो जून महिना.

२०२१ पर्यंत दिल्ली विद्यापीठ बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश देत असे. त्या वर्षी तिथल्या काही कॉलेजांनी काही विषयांची पहिली यादी थेट १०० टक्क्यांवर लावली होती. आपल्याकडे कला शाखेत ८० टक्के मिळवणारी पोरगी गावात पेढे वाटते, ती त्या यादीच्या जवळपासही फिरकू शकत नव्हती. २०२२ पासून सीयूईटी नावाची देशभराची एकच परीक्षा आली. आता बारावीचे गुण पात्रतेपुरते, आणि बरोबरी झाली तर तोडगा काढण्यापुरते. प्रत्येक विषयाचे ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. सगळं संगणकावर. या परीक्षेबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्याही आहेत. तरी मला विचाराल तर आपल्या भागातल्या पोरींना या बदलानं वाट मोकळी झाली. बोर्डात ७२ टक्के मिळालेली पोरगी आता ९८ टक्केवालीच्या बरोबरीनं परीक्षेला बसते.

परीक्षा १३ भाषांत देता येते आणि त्यात मराठी आहे. भाषेचा जो एक पेपर द्यावा लागतो तोही मराठीचा घेता येतो, आणि बहुतेक बीए ऑनर्सच्या विषयांना तो चालतो. हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरींचा विश्वास बसत नाही. लहानपणापासून त्यांनी ऐकलेलं असतं की इंग्रजी आलं नाही तर पुढचा रस्ता बंद.

विषय निवडताना मात्र जपून. बारावीला जे विषय घेतले, त्याच विषयांचे सीयूईटी पेपर दिल्ली विद्यापीठ धरतं. अर्थशास्त्र ऑनर्स करायचं तर गणित लागतंच. आपल्या तालुक्यांत कला शाखेसोबत गणित देणारी कनिष्ठ महाविद्यालयं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. त्यामुळे "मला अर्थशास्त्रच करायचंय" म्हणणाऱ्या पोरीचा निर्णय दहावीनंतरच्या त्या आठवड्यात झालेला असतो, आणि बहुतेकदा तो तिनं घेतलेला नसतो. जवळ कोणतं कॉलेज आहे आणि एसटी कोणत्या वेळेला येते यावरून तो ठरून जातो. राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल, समाजशास्त्र घेणाऱ्यांना ही अडचण नाही.

अभ्यासाची एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. सीयूईटीचे विषयांचे पेपर एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर निघतात. आपल्या बोर्डाचं पुस्तक वेगळं, मांडणी वेगळी. इतिहासात तर फारच फरक पडतो. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण मराठीत नाहीत. हिंदीत मात्र आहेत. इथं आपली बाजू पुण्या-कोल्हापूरच्या पोरांपेक्षा भक्कम आहे असं मी मानते. नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आपल्या बाजारात, दवाखान्यात, रेल्वे स्टेशनवर हिंदी सहज बोलली जाते, आणि आपल्या पोरी हिंदी पुस्तक वाचताना अडखळत नाहीत. अकरावीच्या दिवाळीपासून रोज चार पानं हिंदीतून वाचायची आणि त्यातलं एक पान इंग्रजीतूनही, एवढं मी त्यांच्याकडून करून घेते. इंग्रजीचं ते एक पान परीक्षेसाठी नसतं. दिल्लीत पहिल्या सहामाहीत वर्गात बसल्यावर कानावर जे पडणार आहे त्यासाठी असतं.

आता कागदांबद्दल. इथं मी जास्त लिहिणार आहे, कारण परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या पोरी मी इथं अडकलेल्या पाहिल्या आहेत.

पहिली अडचण नावाची. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डावर बहुधा मुलीचं नाव आधी. एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नाहीच. स्पेलिंगमध्ये कुठं एक अक्षर जास्त, कुठं कमी. गावात याचं कोणाला काही वाटत नाही. संगणकाला वाटतं. दहावीची मार्कशीट हा पाया धरायचा आणि बाकी सगळे कागद त्याच्याशी जुळवून घ्यायचे. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम अकरावीतच.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. दिल्ली विद्यापीठ केंद्राचं, म्हणून तिथं केंद्राची यादी चालते आणि दाखलाही केंद्राच्याच नमुन्यात लागतो. ओबीसी पोरीनं राज्याचं नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घर सुखवस्तू गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, नेलं तर उपयोग नाही. शिवाय ओबीसीचा केंद्राचा दाखला प्रवेशाच्याच वर्षी ३१ मार्चनंतर काढलेला हवा. तीन वर्षांची मुदत लिहिलेलं राज्याचं प्रमाणपत्र घरात लॅमिनेशन करून ठेवलेलं असतं आणि आईवडील निर्धास्त असतात.

यात सगळ्यात जास्त गोंधळ तांड्यावरच्या पोरींचा होतो. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती 'अ' प्रवर्गात आहे. केंद्रात विमुक्त जाती असा वेगळा प्रवर्गच नाही, तिथं महाराष्ट्रातला बंजारा समाज ओबीसीत येतो. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची माझी विद्यार्थिनी केंद्राचा ओबीसी दाखला काढायला गेली तेव्हा खिडकीवरच्या माणसानं तिला परत पाठवलं. "तू व्हीजे-ए आहेस, तुला ओबीसी कसं देऊ?" ती रडत माझ्याकडे आली. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राची यादी आहे. आम्ही त्या पानाची प्रिंट काढली, तिच्या जातीच्या ओळीवर खूण केली आणि ती तिच्या वडिलांच्या हाती दिली. वडील पुन्हा गेले. यादी पाहिल्यावर त्या कर्मचाऱ्यानंच वरच्या साहेबांना विचारलं आणि दाखला निघाला. पोरगी आज दिल्लीत इतिहास शिकते आहे. त्या प्रिंटच्या झेरॉक्स मी आता कपाटात ठेवते, ज्याला लागेल त्यानं न्याव्यात.

ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही असंच. केंद्राचा नमुना वेगळा, आणि दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो. गोंड, कोलाम, आंध या समाजांतल्या पोरींना उत्पन्नाची अट नाही, पण जातीचा दाखला पोरीच्या स्वतःच्या नावाचा हवा. वडिलांचा दाखवून चालत नाही. पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीवरच्या, घरांत तो कागद निघालेलाच नसतो आणि त्यासाठी आजोबांच्या शाळेची नोंद शोधावी लागते. त्या शोधात महिने जातात. म्हणून मी अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीला विचारते : तुझ्या नावाचा दाखला आहे का?

परीक्षा झाल्यावर काम संपत नाही, हेही बरेच जण विसरतात. सीयूईटीचा अर्ज वेगळा आणि दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेशाची नोंदणी वेगळी. तिथं कॉलेज आणि विषय यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमानं भरायच्या असतात. हिंदू कॉलेज, मिरांडा हाऊस, रामजस अशी ऐकलेली नावं भरून पोरी थांबतात. थांबू नका. यादी हवी तेवढी लांब करता येते, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. मिरांडा हाऊस हे १९४८ मध्ये सुरू झालेलं मुलींचं कॉलेज, हिंदू कॉलेज १८९९ चं, दोन्ही देशाच्या क्रमवारीत अगदी वर, आणि तिथं जागांसाठी झुंबड असते. पण कमी नावाजलेल्या कॉलेजांतही विद्यापीठ तेच, अभ्यासक्रम तोच, पदवी तीच. पसंतीक्रम भरताना मी पोरींना शेजारी बसवून वरपासून खालपर्यंत नावं वाचून दाखवते.

जागा मिळाली की ती स्वीकारायला थोडेच दिवस असतात. त्या दिवसांत स्वीकारली नाही तर पुढच्या फेऱ्यांतूनही नाव जातं. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो बहुधा वडिलांचा, वडील वावरात, आणि रिचार्ज संपलेलं. नोंदणी करताना पोरीचा स्वतःचा नंबर द्या आणि ऑगस्ट संपेपर्यंत तो बंद पडू देऊ नका.

आणि पैसा. प्रवेशाच्या या फेऱ्या पेरणी आणि डवरणीच्या दिवसांत येतात. बियाणं, खत, मजुरी यांत घरातला सगळा पैसा मातीत गेलेला असतो आणि कापूस घरात यायला दिवाळी उजाडते. कास्तकाराच्या घरात वर्षातला सगळ्यात कोरडा काळ तो, आणि नेमकी तेव्हाच फी भरायची असते, दिल्लीचं तिकीट काढायचं असतं, खोलीचं डिपॉझिट द्यायचं असतं. या कॉलेजांची फी खाजगी विद्यापीठांच्या मानानं पुष्कळच कमी आहे, गरीब मुलांसाठी फीमाफीच्या योजनाही असतात, मात्र त्यांचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. खरा खर्च राहण्याचा. वसतिगृहात जागा थोड्या. जागा मिळाली नाही तर विजय नगर, कमला नगर, मुखर्जी नगर या भागांत पोरी खोली वाटून राहतात. तूर किंवा चणा विकला की त्यातले थोडे पैसे पोरीच्या नावावर बाजूला टाका, असं मी बारावीच्या फेब्रुवारीतच घरी जाऊन सांगते. ज्या आया विचारतात "ते राहीन कुठं", त्यांना आधीच्या वर्षी गेलेल्या पोरीचा नंबर देते. माझ्या शब्दापेक्षा त्या पोरीच्या आईशी झालेलं बोलणं त्यांना जास्त आधार देतं.

"इथं कॉलेज नाही का?" हेही विचारलं जातं. आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, दिल्ली विद्यापीठाच्या एकाच वर्षानं धाकटं. अमरावतीला विद्यापीठ आहे, गडचिरोलीला गोंडवाना आहे. इथं शिकून मोठी झालेली माणसं आपण रोज पाहतो. जिला घरची जबाबदारी सोडून जाता येत नाही, किंवा जिला जायचंच नाही, तिला मी ढकलत नाही. या अर्जासाठी वर्ष वाया घालवा असंही मी कोणाला सांगत नाही. नागपूर-अमरावतीचे अर्ज सोबत भरलेलेच असावेत. तरी जिला जायचं आहे तिला जाऊ द्यावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर दिल्लीच्या वर्गांत चर्चा होते, निबंध लिहिले जातात. त्या वर्गात एक तरी पोरगी अशी बसलेली असावी जिनं पऱ्हाटीतला कापूस वेचला आहे, जी उठून म्हणेल की हे आकडे बरोबर आहेत, पण माझ्या गावात गोष्ट अशी घडली. माझी एक पोरगी तिथं असं उठून बोलली होती. हिंदीतून बोलली. तिच्या प्राध्यापकांनी पुढच्या तासाला तिलाच कापसाच्या भावावर मांडणी करायला सांगितली.

शिकून ती परत येईल का, हा शेवटचा प्रश्न बाप हळू आवाजात विचारतात. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख, १८९८ चा जन्म, शेतकऱ्याच्या घरातले, एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकले. परत आले आणि भाऊसाहेबांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्यांच्या कॉलेजांत आपल्यापैकी कितीतरी जण शिकले. हे मी बापांना सांगते, पण परत येण्याची अट पोरीवर घालू नका हेही त्याच वेळी सांगते. अठराव्या वर्षी तिच्याकडून तसं वचन घेणं मला योग्य वाटत नाही.

पोरगी यंदा अकरावीत असेल तर तिची दहावीची मार्कशीट आणि आधार घेऊन दिवाळीच्या आधी या. शाळा सुटल्यावर मी पाचपर्यंत असते. पोरीलाही सोबत आणा. कोणता विषय शिकायचा हे मला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे.