किल्लीचे बाबा

जुलैमधल्या एका मंगळवारी सकाळी पावणेनऊ वाजता माझ्या स्कूटरची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर नव्हती. मी पर्स उलटी केली, फ्रिजवरचा पसारा चाळला, सासूबाईंनी देवघरापासून चपलांच्या कपाटापर्यंत सगळे धुंडाळले, आणि सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे खुर्चीतून न उठता 'शेवटी कुठे ठेवली होतीस ते आठव' असा सल्ला दिला. या सगळ्या धावपळीत आमची पावणेतीन वर्षांची मनू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून दूधपोळी खात होती आणि आमच्याकडे इतक्या शांतपणे पाहत होती, की तिलाच विचारावे हे सुचायला मला वीस मिनिटे का लागली, याचे आता नवल वाटते. विचारल्यावर तिने लगेच सांगितले. किल्ली तुळशीत होती.

ती खरोखरच बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत होती. ओल्या मातीत दाते खुपसून सरळ उभी केलेली, कठड्याच्या गजांमधून बाहेरचे दिसेल अशा बेताने. बाहेर, आमच्या बाल्कनीच्या अगदी समोर, अजिंक्यतारा आहे. माथ्यावरचा टीव्हीचा मनोरा स्वच्छ दिसला तर कपडे बाहेर वाळत घालायचे आणि दिसला नाही तर आतल्या दोरीवर, हे आमच्या घरातले हवामानशास्त्र. त्या सकाळी मनोरा नव्हता आणि डोंगरही नव्हता. ढग पार पायथ्यापर्यंत उतरले होते.

"इथं कशाला ठेवलीस गं?" मी विचारले.

"तिचे बाबा दिसत नाहीयेत ना," मनू म्हणाली. "आले की तिला दिसतील."

उशीर झालेला असल्याने मी किल्ली पुसली आणि निघाले. किल्लीचे बाबा म्हणजे किल्ला, हा उलगडा मला पोवई नाक्यावरच्या गर्दीत, दोन रिक्षांच्या मध्ये अडकलेली असताना झाला, आणि पावसात भिजत मी एकटीच हसले.

हे प्रकरण मुळात सुरू झाले ते स्वयंपाकघरात. बाजारातून आणलेली, बॅटरीवर गाणी म्हणणारी खेळणी मनू दोन दिवसांत बाजूला टाकते, पण ओट्याखालचा भांड्यांचा कप्पा तिला दीड वर्षे पुरला आहे. (डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवताना बिया, शंख, पाने अशा आसपासच्याच वस्तू हाताशी धरल्या होत्या, त्यांना आमचा हा कप्पा नक्की पसंत पडला असता.) त्या कप्प्यासमोर बसून सासूबाईंनी तिला भांड्यांची नावे शिकवली. हा डबा, ही डबी. हा लोटा, ही लोटी. एके दिवशी झाकण हरवलेला, पोचे पडलेला एक पत्र्याचा डबा बाहेर आला आणि सासूबाई वैतागून म्हणाल्या, "हे डबडं अजून कशाला ठेवलंय?" मनूने ते डबडे उचलून डबा आणि डबी यांच्या बरोबर मध्ये ठेवले आणि जाहीर केले, "हे त्यांचं बाळ."

मराठीची पुस्तके आणि मराठीचे मास्तर ज्याला लिंगविचार म्हणतात आणि ज्याच्यापुढे मराठी शिकू पाहणारा प्रौढ माणूस हात टेकतो, त्याचा मनूने लावलेला हा अर्थ होता. हिंदीत दोनच लिंगे आहेत. आपल्याकडे गुजराती आणि कोकणीप्रमाणे तिसरेही शिल्लक राहिले आहे. शाळेत आम्हाला सांगितले गेले की निर्जीव वस्तूंच्या लिंगाला काही कारण नसते, ते पाठ करायचे असते. मनूला पाठांतराची सोय अजून उपलब्ध नाही, म्हणून तिने कारण शोधले, आणि ते वाटते तितके हास्यास्पद नाही. दिवाळीत आम्ही कोरेगावकडच्या आमच्या गावी गेलो होतो. तिथे तिने गोठा पाहिला, शेळ्या पाहिल्या, आणि आठ दिवस ती वासरू, करडू, कोकरू, पिल्लू हेच शब्द घोळवत होती. हे सगळे शब्द 'ते' आहेत. कुत्रा तो, कुत्री ती, पण पिल्लू ते. गाय ती, बैल तो, पण वासरू ते. आणि ती स्वतःसुद्धा आजीच्या तोंडी 'ते लेकरू', शेजारच्या काकूंच्या तोंडी 'गुणाचं बाळ'. म्हणजे 'तो' म्हटले की बाबा, 'ती' म्हटले की आई आणि 'ते' म्हटले की बाळ. मराठीने तिच्यासमोर ठेवलेला पुरावा पाहता, दुसरा निष्कर्ष मी तरी काढला नसता.

एकदा हा नियम हाती लागल्यावर घरातल्या एकाही वस्तूची त्यातून सुटका झाली नाही. भिंतीवरच्या पट्टीला टांगलेले झारा, पळी आणि उलथने हे तिघांचे कुटुंब ठरले, आणि उलथने तिघांत लांब असले तरी बाळच राहिले. तांब्या आणि वाटी यांच्या मध्ये फुलपात्र बसले. टेबल हे बाळ, कपाट हे बाळ. कपाट साडेसहा फूट उंच असल्याचे मी लक्षात आणून दिल्यावर 'मोठं बाळ' अशी दुरुस्ती झाली. यातली सर्वांत मोठी अडचण मला एका रात्री कळली, जेव्हा मी दिवा मालवल्यानंतर ती उठून बसली आणि पलंगालगतच्या भिंतीवर हळूहळू थोपटू लागली. काय करते आहेस, असे विचारल्यावर कुजबुजत उत्तर आले, "घर झोपत नाहीये." घर, अर्थातच, ते घर.

या तत्त्वज्ञानाचा सोयीस्कर वापरही होतो, हे नमूद केले पाहिजे. 'ते वांगं' बाळ असल्यामुळे खाता येत नाही. हा युक्तिवाद ऐकून सासूबाई इतक्या विरघळल्या, की भरल्या वांग्यांच्या दिवशी तिला वेगळी बटाट्याची भाजी मिळू लागली. पण केळे आणि गाजर हीसुद्धा बाळेच आहेत, आणि त्यांच्या बाबतीत तिचे मन कधी द्रवलेले मी पाहिले नाही. कंदी पेढा 'तो' असल्यामुळे तो किती खाल्ला तरी चालतो, असाही एक निर्णय आहे.

घराला थोपटणे, किल्लीला बाबा असणे, याला मानसशास्त्रात नाव आहे. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात लहान मुलांशी बोलून असे मांडले की या वयातली मुले निर्जीव वस्तूंनाही जीव, इच्छा आणि हेतू असल्याचे मानतात, आणि हळूहळू ती कल्पना मागे टाकतात. ते बरोबर असेल, पण आमच्या घरात तरी हे खूळ एकट्या मुलीचे नाही. ती चालताना अडखळून पडली की सासूबाई अजूनही जमिनीवर चापट मारून 'हात् गं जमिनी, माझ्या मनूला पाडतेस होय!' म्हणतात. पूर्वी या शिक्षेने मनूचे समाधान होत असे. आता ती रडणे थांबवून आजीचा हात धरते आणि जमिनीला 'लागलं का?' असे विचारते. चिमणी ताई, चंद्र मामा, मांजर वाघाची मावशी. ही सगळी नाती आम्ही मोठ्यांनीच तिला घास भरवताना सांगितलेली आहेत. तिने त्यांवर विश्वास ठेवून पुढचे प्रश्न विचारले, एवढाच तिचा दोष. चांदोमामा मामा आहे म्हणजे तो तुझा दादा का, असे तिने मला विचारले तेव्हा मी घाईत हो म्हणून गेले. माझा सख्खा भाऊ मस्कतला असतो. रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला की दिवा मालवलेल्या खोलीत त्याचा गोल, उजळ चेहरा दिसतो, आणि तेव्हापासून तिच्या लेखी ते प्रकरण मिटलेले आहे.

बोलण्यातल्या तिच्या चुकाही याच पद्धतीच्या आहेत. बसली, पडली, हसली, तशीच 'करली' आणि 'येली'. शेवटी ई आहे म्हणून 'मोठी हत्ती' आणि 'पाणी सांडली'. आमच्याकडे येणारे पाहुणे तिला हटकून सुधारतात. अमेरिकेत जीन बर्को या संशोधक बाईंनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला अशा वेळी आठवतो. त्यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याला एक बनावट नाव दिले आणि असे दोन प्राणी असतील तर काय म्हणाल, असे विचारले. मुलांनी तो शब्द जन्मात कधी ऐकलेला नव्हता, तरी बहुतेकांनी त्याचे अनेकवचन बिनचूक केले. ऐकलेले परत म्हणण्यापलीकडचे काहीतरी, म्हणजे नियम, त्यांच्याजवळ होता. 'करली' हा शब्द मनूने घरात कोणाकडूनही ऐकलेला नाही, तो तिने घडवला आहे. 'केली' हा आमच्या भाषेचा हट्ट आहे आणि तो ती यथावकाश शिकेलच; मला त्याची घाई नाही. सासऱ्यांना आहे.

किल्ल्याचे बीज मात्र सासऱ्यांनीच पेरले. पाऊस नसताना ते तिला रोज संध्याकाळी बाल्कनीत घेऊन बसतात. तो बघ किल्ला, तिथे शाहू महाराज राहायचे, १७०८ साली इथेच साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला, असे ते तिला सांगत होते. तिला साल कळत नाही ही गोष्ट त्यांनी आजवर मनावर घेतलेली नाही. मनूने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग किल्ली कुणाकडं आहे?"

"कसली किल्ली?"

"किल्ल्याची."

आबा हसले आणि म्हणाले, "तुझ्या आईकडे असेल बघ." झाले. डबा-डबी, लोटा-लोटी, किल्ला-किल्ली. डबी ही आई की मुलगी, हे तिच्या व्यवस्थेत दिवसागणिक बदलते. पण डोंगराएवढा किल्ला आणि तळहाताएवढी किल्ली म्हटल्यावर इथे शंकेला जागाच नव्हती. किल्ला हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि किल्लीचे कूळ वेगळे आहे, हे मी तिला सांगितलेले नाही. गंमत अशी, की मी मुंबईची, आणि माझ्या माहेरी सगळे चावीच म्हणतात. लग्नानंतर साताऱ्याला येऊन मी किल्ली म्हणू लागले नसते, तर त्या मंगळवारी वेळेवर कामाला पोहोचले असते.

मनूचे बाबा चाकणला एका कारखान्यात नोकरी करतात. ते शनिवारी संध्याकाळी येतात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने, ती उठायच्या आत, परत जातात. गेले वर्षभर असेच चालू आहे आणि तिने त्याबद्दल कधी फारशी तक्रार केलेली नाही. सोमवारी उठल्यावर ती एकदा बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांच्या चपलांची जागा बघून येते आणि मग दूध मागते.

त्या मंगळवारनंतर किल्ली रोज संध्याकाळी तुळशीत जाऊ लागली. मी रागावले, समजावले, शेवटी कुंडीत एक जुनी वाटी पुरून दिली, म्हणजे किल्लीला निदान माती लागू नये. बुधवार, गुरुवार, शुक्रवार ढग हटले नाहीत. शनिवारी दुपारी पाऊस थांबला आणि चारच्या सुमारास आधी मनोरा, मग तटबंदीची रेघ, मग सगळा हिरवागार डोंगर असा अजिंक्यतारा बाहेर आला. मनूने किल्लीला दोन्ही हातांत धरून कठड्यापाशी उंच केले आणि बराच वेळ तसेच ठेवले. हात दुखत असावेत, कारण ती मधूनमधून ते बदलत होती. सहा वाजता तिचे बाबा आले तेव्हा तिने ही सगळी हकीकत त्यांना तीनदा सांगितली, आणि त्यांनी ती तिन्ही वेळा नव्याने ऐकली.

सोमवारी पावणेनऊला खुंटीवर किल्ली नव्हती. तुळशीतल्या वाटीतही नव्हती. मी मनूकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले, आणि तेवढ्यात चाकणहून फोन आला. डबा काढायला म्हणून बॅग उघडली तर खालच्या कप्प्यात, हातरुमालात गुंडाळलेली, माझ्या स्कूटरची किल्ली आहे, असे मनूच्या बाबांनी सांगितले. त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळे होते, पण कारखान्याच्या भोंग्यात ते नीट ऐकू आले नाही. मी फोन मनूच्या कानाला लावला. "तिला भूक लागली की दे खायला," एवढेच ती बोलली आणि फोन परत केला.

त्या दिवशी मी रिक्षाने गेले. घरच्या कपाटात पडून असलेल्या जास्तीच्या किल्लीवरून येताना पोवई नाक्याजवळ आणखी एक बनवून घेतली आणि घरी येऊन ती मनूच्या हातात दिली, म्हणजे निदान एक तरी खुंटीवर राहील. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. नवी असल्याने ती जास्तच चकचकत होती.

"हिचा किल्ला कुठला?"

मी आबांकडे पाहिले. "सज्जनगड," आबा तत्परतेने म्हणाले, कारण साताऱ्याच्या माणसाला किल्ल्यांची वाण नसते.

मनू बाल्कनीत गेली, कठड्याच्या गजांना नाक लावून तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले.

"तो इथून दिसत नाही गं," मी म्हणाले.

"शनिवारी दिसेल," ती म्हणाली, आणि किल्ली वाटीत ठेवून दूध प्यायला आत गेली.