कॉलेजच्या गंगाजळीत सरकारने पैसे घालायचे, तर कुणाच्या?

आपल्याकडे प्रत्येक जुन्या कॉलेजच्या बक्षीस समारंभात 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून' असं एखादं बक्षीस असतंच. ठेव ठेवली तेव्हा त्या व्याजात पोराची वर्षाची पुस्तकं यायची, आता जेमतेम एक पेन येतो, कारण सगळं व्याज दरवर्षी वाटून टाकलं, मुद्दल तेवढंच राहिलं आणि महागाई काही कुणासाठी थांबली नाही. मी अमेरिकेत एका छोट्या कॉलेजच्या ग्रँट ऑफिसात काम करते आणि इथे कॉर्पसचा, म्हणजे कॉलेजच्या कायम निधीचा, विषय निघाला की मला ती बक्षिसं आठवतात. त्यामुळे आज जरा सविस्तर लिहिते, कारण सरकार कॉलेजच्या कायम निधीत पैसे घालताना नेमकं काय बघतं हे आमच्याकडच्या प्राध्यापकांनाही माहीत नसतं.

इथे 1983 मध्ये एन्डोमेंट चॅलेंज ग्रँट नावाची योजना आली (एन्डोमेंट म्हणजे हाच कायम निधी). हायर एज्युकेशन अ‍ॅक्टच्या टायटल थ्री, म्हणजे तिसऱ्या भागाखाली, गरीब मुलं जास्त असलेली कॉलेजं आणि हिस्टॉरिकली ब्लॅक, म्हणजे मुळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेली कॉलेजं यांच्यासाठी. सुरुवातीला हिशोब सरळ होता, डॉलरला डॉलर, तुम्ही जेवढे जमवाल तेवढे केंद्र सरकार घालणार. अट मात्र कडक. वीस वर्षं मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि उत्पन्नातलंही जास्तीत जास्त निम्मंच खर्च करायचं, उरलेलं निम्मं परत निधीत. समजा पाच लाख सरकारचे आणि पाच लाख कॉलेजचे असे दहा लाख डॉलर झाले आणि वर्षाला 5 टक्के सुटले तर पहिल्या वर्षी पन्नास हजार येतात, त्यातले पंचवीस हजार वापरायला मिळतात आणि पंचवीस हजार आत जातात, असं वीस वर्षं चाललं तर मुद्दल साधारण सोळा लाख चाळीस हजारांवर जातं. वीस वर्षांनंतर ते सगळं कुठल्याही शैक्षणिक कामाला वापरता येतं. नैसर्गिक आपत्ती किंवा जाळपोळ असं काही झालं तर मधेही सवलत मागता येते, पण उगाच जास्त काढलं तर केंद्राचा वाटा परत भरा.

आता अर्ज कसे तपासायचे याबद्दल कायद्यात जे लिहिलंय ते मला खरंच आवडतं. पहिलं प्राधान्य ज्यांना गेल्या पाच वर्षांत टायटल थ्रीची मदत मिळालीय त्यांना, हे ठीक, त्यात फार बोलण्यासारखं नाही. दुसरं प्राधान्य गरजेला, आणि गरज म्हणजे काय हे कॉलेजने रडगाणं गाऊन सांगायचं नाही, ती एका भागाकारातून निघते. निधीची आजची बाजारकिंमत भागिले विद्यार्थी, तेही पार्ट-टाइमवाल्यांना पूर्णवेळ मुलांच्या हिशोबात आणून. तीस लाख डॉलरचा निधी असलेली दोन कॉलेजं घ्या. एकात तीनशे पोरं, म्हणजे डोई दहा हजार. दुसऱ्यात पंधराशे, म्हणजे डोई दोन हजार. नुसत्या निधीच्या आकड्यावर दोघं सारखीच दिसतात, भागाकार केला की दुसऱ्याची अवस्था लगेच कळते. अर्ज कितीही गुळगुळीत इंग्रजीत लिहिला, कन्सल्टंटला कितीही पैसे दिले, तरी हा आकडा बदलत नाही. ज्या कॉलेजला ग्रँट लिहायला वेगळा माणूस ठेवणंही परवडत नाही त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे.

पण नुसती गरज बघितली तर एक घोळ होतो. ज्या कॉलेजने निधी हळूहळू खाऊन संपवला तेही भागाकारात गरजूच दिसतं. म्हणून कायदा पुढे म्हणतो की आत्तापर्यंत निधी उभा करायला किंवा टिकवायला तुम्ही काय धडपड केली तेही बघा, आणि बिगर-सरकारी पैशातून किती वाटा घालायला तयार आहात तेही. दोन्ही एकत्र बघायचं हे अवघड आहे पण योग्यच आहे, कारण वीस वर्षं पैसा सांभाळायला द्यायचा तर ज्याला सांभाळायची सवय आहे त्यालाच द्यायला हवा.

माझा खरा आक्षेप कॉलेजच्या वाट्याच्या हिशोबावर आहे. त्यात काय धरत नाहीत ते बघा: नुसतं दिलेलं वचन नाही, मृत्यूनंतर मिळणाऱ्या देणग्यांचे ट्रस्ट नाहीत, उसने पैसे नाहीत, केंद्राचे दुसरे पैसे नाहीत आणि आधीच असलेल्या निधीतून इकडचे तिकडे फिरवलेले तर अजिबात नाहीत. नवीन रोख पाहिजे किंवा कमी जोखमीचे रोखे. नियम म्हणून बरोबर आहे, हवेतल्या पैशावर सरकारने चेक का फाडायचा. पण आमच्याकडे एक रिटायर झालेल्या लायब्ररीयन बाई आल्या होत्या, मृत्युपत्रात घर कॉलेजला लिहून ठेवल्याचं पत्र घेऊन, फार आनंदात, आणि मला त्यांना समोर बसवून सांगावं लागलं की बाई, या ग्रँटसाठी हे शून्य धरतात. त्यांनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं, चेकबुक काढलं आणि पेन्शनीतून जमेल तेवढा एक छोटासा चेक लिहिला, तो मात्र पूर्णच्या पूर्ण मोजला गेला. आमचे माजी विद्यार्थी नर्स आहेत, वेल्डर आहेत, शाळेत शिकवतात. श्रीमंत कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याच्या एका सहीत जेवढं येतं तेवढं आमचे शेकडो लोक मिळूनही जमवू शकत नाहीत, मग त्यांची धडपड कमी कशी म्हणायची?

यावर दुसरीकडे उपाय झालेले आहेत. इंग्लंडने 2008 ते 2011 अशी तीन वर्षं 20 कोटी पौंडांची मॅचिंग योजना, म्हणजे जमलेल्या देणगीला सरकारची जोड देणारी योजना, चालवली, त्यात तीन गट होते. देणग्या जमवण्यात नवख्या संस्थांना एका पौंडामागे एक पौंड, थोडाफार जम बसलेल्यांना दोनामागे एक, आणि आधीच मुरलेल्यांना तिनामागे एक, मात्र मोठ्यांची कमाल मर्यादा जास्त. हाँगकाँगने 2003 मध्ये 1 अब्ज हाँगकाँग डॉलर काढले तेव्हा तिथल्या आठही सरकारी अनुदानित उच्चशिक्षण संस्थांसाठी प्रत्येकी साडेचार कोटी आधी बाजूला राखून ठेवले, म्हणजे मोठ्या विद्यापीठांनी पटापट देणग्या आणून सगळं उचलून नेलं असं होऊ नये, आणि कुणालाही पंचवीस कोटींच्या वर नाही. तिथे अर्जांची गुणवत्ता तपासत बसायचा प्रश्नच कमी, न्याय सूत्रातच घातलेला. मला विचाराल तर अमेरिकेचा दरडोई भागाकार आणि हाँगकाँगची राखीव रक्कम या दोन गोष्टी एकत्र आल्या तर छोट्या कॉलेजचं खरंच भलं होईल.

इथे ती जुनी योजना नव्वदच्या दशकातच थंडावली. आता उरलंय ते एवढंच, की टायटल थ्रीचं नेहमीचं अनुदान मिळालं तर त्यातले जास्तीत जास्त 20 टक्के निधीत टाकता येतात, आणि तेवढेच किंवा जास्त स्वतःचे घालावे लागतात, बाकी वीस वर्षांचे आणि निम्म्या उत्पन्नाचे नियम तेच. अडचण अशी की तेच अनुदान ट्यूशन सेंटरला, कॉम्प्युटर लॅबला, काउन्सेलरच्या पगारालाही लागतं, त्यामुळे आज समोर बसलेल्या पोराचं काम थांबवून वीस वर्षांनंतरच्या पोरासाठी पैसे बाजूला काढा असं डीनला सांगायला फार धीर लागतो. मी तरी प्रत्येक वेळी सांगते. पाच टक्के तरी काढा, पूर्ण वीस नको.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी इथे आपल्या कॉलेजला देणगी देणार असाल तर आधी ग्रँट ऑफिसला एक फोन करा, सध्या मॅचिंग चालू आहे का आणि पैसे कुठल्या तारखेच्या आत खात्यात जमा व्हायला हवेत ते विचारा. मृत्युपत्र वगैरे जरूर करा, त्याचाही कॉलेजला पुढे उपयोग होतोच, पण मॅचिंग चालू असताना रोख द्या, आणि चेकसोबतच्या पत्रात 'एन्डोमेंटसाठी' असं स्वच्छ लिहा, नाहीतर तो पैसा चालू खर्चात जातो आणि मॅचिंगमध्ये धरायचा म्हटलं तरी मग आमच्या हातात कागद नसतो.