तुम्ही विचारलंत म्हणून: पाखराच्या पायात रिंग कशाला?

मालवणच्या बाजारात, लग्नात, अगदी तेराव्यालासुद्धा हाच प्रश्न. पाखरं धरून पायात रिंगा कशाला घालता? फोटो काढा की! आणि आता जीपीएस आहे ना?

फोटोत पक्षी कोणता ते कळतं, कुठून आला ते नाही. ते कळतं रिंगेवरच्या नंबरावरून, ती पुढे कुणाला सापडली तर. युरोपातला चॅफिंच घ्या, तिथे चिमणीसारखाच नेहमीचा. हिवाळ्यात इंग्लंडच्या शेतात थवा उतरतो. त्यातले काही तिथलेच, जन्मगावापासून चार-पाच किलोमीटरही न हललेले, बाकीचे स्कँडिनेव्हियातले. दिसायला जवळजवळ सारखे. स्वीडनमध्ये हिवाळ्यात बहुतेक नरच मागे राहतात हे पाहून सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्याला 'सीलेब्स', म्हणजे ब्रह्मचारी, ठरवून टाकलं. माद्या जातात कुठे, ते रिंगांनी दाखवलं: त्या नरांपेक्षा लांब जातात, थेट आयर्लंडपर्यंत. उत्तर समुद्र सरळ ओलांडायचं टाळून पुष्कळ थवे हॉलंड-बेल्जियमच्या किनाऱ्याने खाली येतात आणि इंग्लिश खाडी अरुंद होते तिथे पलीकडे जातात, हेही रिंगांमुळेच पक्कं झालं. वीसेक ग्रॅमचा जीव तो. त्याच्या पाठीवर एक ग्रॅमचं जीपीएस यंत्रसुद्धा जड.

पाखराला त्रास होतो का? होतो. परवानाधारक अभ्यासकांच्या हाताखाली मी काम करतो, काळजी घेतो, तरी क्वचित एखादं जाळ्यात दगावतं. हे मी पूर्वी सांगत नसे.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. छोट्या पाखरांच्या शंभर रिंगांमागे एकीचीही खबर येत नाही. येते ती बहुधा मेलेल्या पाखराची, म्हणजे ज्याच्या हाती ते लागलं त्याच्या मर्जीवर. आमच्याकडच्या एका रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या, आजोबांच्या वाळत घातलेल्या जाळ्यात रिंगवाला चिखल्या, किनाऱ्यावरचा एक छोटा पक्षी, अडकून मेला. मला कळलं महिन्याभराने. धावत गेलो.

"कडा होता पायात. अक्षरा पण होती. खाडीत टाकलंय."

"अहो, का?"

"उद्या फॉरेस्टवाले इले तर माका कोण सोडवतलो?"

मी चिडलो. सायबेरियातून आला असेल, तिबेटातून आला असेल, काय काय बोललो. आजोबा जाळं विणत राहिले. शेवटी म्हणाले, "तू शिकलेलो. तुका विचारतत. माका धरतत."

तेव्हा मी त्याला अडाणीपणा म्हटलं होतं. आता म्हणवत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा पाखरांसाठी हवाच, त्यावर वाद नाही. पण जाळ्यात मेलेलं पाखरू हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'काही होणार नाही' असं मी कशाच्या जोरावर सांगू? तरी सांगतो. अजूनही सांगतो.

रिंग सापडली तर नंबर लिहून घ्या, फोटो काढा, वरची अक्षरं जशीच्या तशी उतरवा आणि मुंबईच्या बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, कळवा. तुमचं नाव नको असेल तर माझं द्या. हे कुठल्या नियमात बसतं, ते मात्र विचारू नका.