प्लग बदलले आणि गाडी थरथरायला लागली

सिग्नलला उभं राहिलं की कप होल्डरमधल्या बाटलीतलं पाणी नाचायचं. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर कोपरापर्यंत थडथड. आणि हे कधीपासून, तर मी स्वतः रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे प्लग, बदलले तेव्हापासून.

गाडी म्हणजे आमची ११ वर्षं जुनी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, तिची खरं तर काही तक्रारच नव्हती, पण साधे निकेलचे प्लग होते आणि त्यांचे ४० हजार किलोमीटर होऊन गेलेले, म्हटलं बदलून टाकू, प्लगना वीज पुरवणाऱ्या चार कॉइल उचलायच्या, सोळाचा प्लग पाना घालायचा, जुने काढायचे नवे लावायचे, एवढ्यासाठी गॅरेजला जाऊन अर्धा दिवस कोण घालवणार. बाबा देखरेखीला खुर्ची टाकून बसलेले. त्यांची अख्खी हयात स्कूटरचा प्लग पॉलिश पेपरने घासण्यात गेलीये त्यामुळे सूचना चालूच. इंजिन गार होऊ दे, गरम असताना काढू नकोस, हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर रडत बसशील. हे त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. नवा प्लग आधी हातानेच आट्यात फिरवत न्यायचा, पाना नंतर, हेही त्यांनीच सांगितलं.

सगळं झालं, स्टार्टर मारला आणि गाडी कुडकुडायला लागली. थंडीत भिजलेल्या कुत्र्यासारखी. बाबा म्हणाले, "एक सिलिंडर बंद आहे तुझा." मी म्हटलं, "नाही हो बाबा, नवीन प्लग आहेत, थोडी चालली की सेट होईल."

प्लग सेट वगैरे काही होत नसतात. पण मी तसाच दोन दिवस ऑफिसला गेलो. दुसऱ्या दिवशी चढावर चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही तर लुकलुकायला लागला. हे माहिती असूनही मी दुर्लक्ष केलं म्हणून मुद्दाम सांगतोय, दिवा नुसता लागला तर सावकाश गॅरेजला जा, पण लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, पेटतं, तो तापून खराब झाला तर त्याच्या बिलापुढे प्लगचे पैसे म्हणजे चहापाणी.

थडथड नेमकी का होते त्याचं गणित मला मजेशीर वाटलं. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, दर अर्ध्या फेरीला एक स्फोट असतो. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचा वेग, मिनिटाला ७५० फेऱ्या धरला तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा म्हणजे मिनिटाला ३७५ वेळा पेटतो, सेकंदाला सहाच्या आसपास. त्यातला एक गप्प बसला की सेकंदाला सहा खड्डे, आणि ते सीटपर्यंत जाणवतात. अॅक्सिलरेटर दाबला की तेच झटके जवळ जवळ येतात, क्रँकला जोडलेलं जड चाक, फ्लायव्हील, तेही जोरात फिरत असतं त्यामुळे निम्मं झाकलं जातं. म्हणूनच मला वाटत होतं की हायवेला गाडी बरी चालतेय.

मग शहाणपण सुचलं आणि ऑफिसमधल्या मित्राचा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर आणला, तो गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचतो. कोड पी०३०३. शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर नंबर, तीन नंबर मिसिंग करतोय, म्हणजे नीट पेटत नाहीये. आधी कॉइलचा सॉकेट पाहिला, नीट टक् करून बसलेला. एअर फिल्टरकडून येणारा पाइप मी हात घालायला जागा हवी म्हणून काढला होता, तो बसवला होता पण त्याच्या बाजूचा बारका ब्रीदर पाइप अर्धाच घुसवलेला, सुस्स आवाज येत होता. वाटलं सापडलं! घुसवला, क्लिप लावली, आवाज गेला, थडथड तशीच.

मग अदलाबदल. तीनची कॉइल दोनवर, दोनची तीनवर, कोड पुसला, पाच मिनिटं गाडी चालू ठेवली. कोड परत पी०३०३. म्हणजे कॉइल निर्दोष. गॅरेजला गेलो असतो तर कदाचित पहिल्यांदा नवी कॉइलच लागली असती, म्हणून ही फुकटातली टेस्ट आधी करा. मग इंजिन गार होऊ दिलं आणि प्लगची अदलाबदल केली. आता कोड आला पी०३०२. प्लग जिकडे गेला, रोग तिकडे गेला.

आता खरी गोष्ट. रविवारी बाबा चहा आणायला वर गेले तेव्हा एक प्लग माझ्या हातातून निसटून फरशीवर पडला होता. मी उचलला, फुंकर मारली आणि लावला. कोणाला बोललो नाही. आणि दोन दिवस मी पेट्रोलला, पावसाला, ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला), सगळ्यांना दोष देत होतो, त्या प्लगचं नाव सोडून.

बाहेर काढून ठिणगीची फट, म्हणजे गॅप, मोजायच्या पत्त्यांचा फीलर गेज घातला. बाकीच्या तिघांत गॅप १.१ मिलिमीटर, ह्याच्यात ०.४ ची पत्तीसुद्धा अडकत आत गेली. तोंडावर पडल्यामुळे टोकावरचा वाकवलेला आकडा (हुक) दबला होता. गॅप कमी म्हणजे ठिणगी पडते, पण इवलीशी, आणि आयडलिंगला सिलिंडरमध्ये मिश्रण आधीच विरळ, वर जळालेला धूर मिसळलेला, तिथे एवढीशी ठिणगी विझून जाते. उलट गॅप जास्त झाला तर गाडी चढावर, लोडवर मिसिंग करते. ह्या प्लगचं टोक ओलं होतं आणि पेट्रोलचा वास मारत होता, बाकीचे मस्त कोरडे.

मी आकडा वर करून गॅप सेट करणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब, चिनीमाती बघ." टॉर्च मारून बघितलं तर पांढऱ्या भागावर केसासारखी चीर. चिरेतून करंट बॉडीला जातो, टोकापर्यंत पोचेलच असं नाही. "पडला होता ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "पडलेला प्लग लावतात का रे कोणी?" एवढंच. नवीन एकटा प्लग आणला, पार्किंगमध्ये पोचल्या पोचल्या आधी गॅप मोजला, हाताने फिरवला, वॉशर टेकला की वर अर्ध्या फेरीच्या आसपास पाना, बस.

गाडी शांत. जवळजवळ. कारण एसी लावून उभं राहिलं की बाटलीतल्या पाण्यावर अजून बारीक तरंग दिसतात. कोड काही नाही, मिसिंग नाही. बॉनेट उघडून बायकोला आत बसवलं, हँडब्रेक, ब्रेक दाबून पहिल्या गिअरात क्लच किंचित सोडायला सांगितला, मी बाजूला उभा, समोर नाही. इंजिन एका बाजूने चांगलंच उचललं जात होतं. डावीकडच्या फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकलेलं असतं त्या आधाराचं, रबर फाटलंय. हे बहुतेक वर्षभरापासून असणार, पण तेव्हा बाटलीकडे बघत कोण बसलं होतं. शनिवारी गॅरेजला टाकतोय, इंजिनला खालून आधार देऊन फाउंडेशन काढायचं काम पार्किंगमध्ये करायची माझी तयारी नाही, आणि घरच्यांची तर त्याहून नाही.